दर्याची पड
पावसाळी मासेमारीबंदीचा जमाखर्च

एक हंगाम पड ठेवल्याने जमिनीचा कस सुधारतो, हे शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. त्याची अडचण निराळीच असते. पड ठेवलेल्या शेताचे त्या हंगामाचे उत्पन्न बुडते. घरातील खाणारी तोंडे मात्र तितकीच राहतात. म्हणून ज्याच्याजवळ जमीन थोडी, त्याला पड ठेवणे सर्वांत जड जाते. आणि बहुधा त्याच्याच जमिनीला विसाव्याची गरज सर्वांत अधिक असते.

कोकण किनाऱ्यावरील आपल्या मच्छीमार बंधूंपुढे दरवर्षी जून व जुलै या दोन महिन्यांत नेमका हाच प्रश्न उभा राहतो. त्यांचे शेत म्हणजे समुद्र. तो कोणा एकाच्या मालकीचा नाही. त्यामुळे एकट्याने पड ठेवून भागत नाही, सर्वांनी मिळून ठेवावी लागते. राज्य शासनाने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. तेव्हा दर्याच्या या पडीचा जमाखर्च शेतकरी व मच्छीमार या दोघांनीही एकत्र बसून पाहणे आता उचित ठरेल.

बंदीचे स्वरूप

महाराष्ट्रात ही बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यात राज्याचा अधिकार चालतो. तेथे महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ याखाली बंदी लागू होते. त्यापलीकडील पाण्यासाठी केंद्र शासन दरवर्षी आदेश काढते. पूर्व किनाऱ्यावर हाच काळ १५ एप्रिल ते १४ जून असा धरलेला आहे. केंद्राच्या आदेशातील बंदी पूर्वी ४७ दिवसांची होती; २०१५ पासून ती ६१ दिवसांची झाली. यंत्राविना चालणाऱ्या पारंपरिक होड्यांना तीतून वगळण्यात आले आहे.

कायदा नवा असला तरी चाल जुनी आहे. आगोट लागली की होड्या वर ओढावयाच्या, त्या शाकारावयाच्या आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून मगच पुन्हा पाण्यात लोटावयाच्या, हा कोळी समाजाचा परिपाठ पिढ्यान्पिढ्यांचा आहे. शिडाच्या व वल्ह्यांच्या होडीला पावसाळी वाऱ्यापुढे जाताच येत नसे. म्हणजे बंदीचा अंमल दर्या स्वतःच करीत असे. होडीला यंत्र बसले, तिचा आकार वाढला आणि भर पावसातही बाहेर जाता येऊ लागले, तेव्हा निसर्गाने घातलेला बांध फुटला. तो बांध कायद्याने पुन्हा घालावा लागला. केरळात लहान मच्छीमार व ट्रॉलरमालक यांच्यातील दीर्घ संघर्षानंतर १९८८ मध्ये पावसाळी ट्रॉलबंदी सुरू झाली, तिच्यामागेही हेच कारण होते. आपल्या राज्यात पूर्वी १० जूनपासून नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट, यांपैकी जो दिवस आधी येईल तोपर्यंत बंदी असे. जुनी चाल व नवा कायदा यांची सांगड घालण्याचा तो प्रयत्न होता. बंदी पुन्हा ऑगस्टच्या मध्यापर्यंत न्यावी, अशी मागणी किनाऱ्यावरील काही मच्छीमार संघटना आजही करतात. बंदी लांबवा असे मच्छीमारांनीच म्हणावे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

जमेची बाजू

पहिली जमा जिवाची आहे. जून-जुलैतील वादळी समुद्रात जाणे म्हणजे नौका व माणसे दोन्ही पणाला लावणे होय. केवळ या एका कारणासाठी बंदी असती, तरी ती योग्यच ठरली असती.

दुसरी जमा माशांच्या वाढीची आहे. बांगडा, तारली यांसारख्या अनेक माशांच्या विणीचा मोठा भाग पावसाळ्यात येतो. नद्यांच्या पुराबरोबर आलेल्या पोषक द्रव्यांनी किनाऱ्याजवळचे पाणी या काळात सकस होते आणि लहान पिलांना खाद्य मिळते. कोळंबीच्या अनेक जातींची पिले खाड्यांत व खाजणांत वाढून पुढे समुद्रात उतरतात. ट्रॉलचे जाळे समुद्राच्या तळावरून ओढत नेले जाते व तळ खरवडून काढते. जाळे दोन महिने थांबले, म्हणजे तेथील किडे, शिंपले व लहान जीव यांना तेवढा विसावा मिळतो. त्यांच्यावरच मोठ्या माशांचे पोषण अवलंबून असते.

मासा वाढू देण्यात किती लाभ आहे, हे एका साध्या हिशेबाने कळते. बहुतेक माशांची लांबी दुप्पट झाली, म्हणजे वजन सुमारे आठपट होते. या वाढीच्या काळात निम्मी पिले इतर माशांच्या भक्ष्यस्थानी पडली असे धरले, तरी उरलेल्यांचे एकूण वजन मूळच्या चौपट भरते. शिवाय मोठ्या माशाला दर किलोमागे भाव अधिक मिळतो, तो लाभ वेगळाच.

तिसरी जमा इंधनाची. यांत्रिक नौकेच्या खर्चात डिझेल हे बहुधा सर्वांत मोठे कलम असते. ज्या दिवसांत खराब हवेमुळे निम्म्या फेऱ्या रिकाम्या जावयाच्या, त्या दिवसांत जाळला न गेलेला प्रत्येक लिटर ही मालकाची बचत आहे, आणि तेवढाच धूर हवेत जावयाचा थांबतो. याच काळात नौकेचा तळ घासणे, रंग लावणे, यंत्र उघडून दुरुस्त करणे व जाळी विणणे ही कामे उरकतात. ही कामे ऐन हंगामात काढली, तर मासेमारीचे मोलाचे दिवस त्यात जातात.

खर्चाची बाजू

नौका उभी राहिली म्हणून खर्च उभा राहत नाही. कर्जाचे व्याज चालू असते, विम्याचा हप्ता येतो, शाकारणीला व दुरुस्तीला पैसे लागतात. वाट्यावर काम करणाऱ्या खलाशाला तर या दिवसांत वाटाच नसतो. कोकणातील ज्या खलाशाच्या घरी भातशेती आहे, तो लावणीला गावी जातो. त्याच्यापुरती बंदी व लावणी यांची वेळ जुळून येते आणि समुद्राची पड त्याला शेतावर उपयोगी पडते. परंतु ज्याला जमीन नाही, त्याला मोलमजुरी शोधावी लागते. रत्नागिरीच्या बंदरांत काम करणारे नेपाळी खलाशी आपल्या मुलखाला परततात, आणि पुढच्या हंगामासाठी त्यांना परत आणावयाचे तर मालकाला आगाऊ रक्कम द्यावी लागते. बर्फाचे कारखाने, मासळी वाहणारे टेम्पो, बंदरावरील हमाल व जाळी विणणारे कारागीर हे सर्वच या थांबण्याशी बांधलेले आहेत.

सर्वांत कमी बोलले जाते ते मासळी विकणाऱ्या स्त्रियांविषयी. ताजी मासळी बंद झाली तरी त्यांची टोपली बंद होत नाही. ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत वलांडीवर वाळविलेले बोंबील, जवळा, सुकट व सोडे हीच त्यांची पावसाळ्याची पुंजी असते. पूर्व किनाऱ्यावरील बंदी १४ जूनला संपते. त्यानंतर तिकडील मासळी बर्फात घालून आपल्या बाजारात येऊ लागते. ती घ्यावयास रोख भांडवल लागते. ते ज्या बाईजवळ नाही, तिला सुक्या मासळीचाच आधार राहतो. म्हणजे बंदीच्या काळात कोळी कुटुंबाची पेढी बहुतांशी त्या घरातील स्त्री चालवीत असते.

लाभ कोठे गळतो

एवढा त्याग करूनही समुद्रातील मासळी वाढत का नाही, असा प्रश्न कोणीही विचारील. बंदी ६१ दिवसांची झाली २०१५ साली. आणि केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या अंदाजानुसार महाराष्ट्राची सागरी मासळी २०१८ मधील २.९५ लाख टनांवरून २०१९ मध्ये २.०१ लाख टनांवर उतरली. ४५ वर्षांतील तो नीचांक होता. त्या वर्षी अरबी समुद्रात ‘क्यार’ व ‘महा’ यांसारखी वादळे झाल्याने ऐन हंगामातील मासेमारीचे दिवस बुडाले, हे खरे आहे. परंतु केवळ दोन महिने थांबल्याने समुद्र भरत नाही, हेही त्यातून दिसते. लाभ गळण्याच्या वाटा मुख्यतः तीन आहेत.

पहिली वाट अशी, की सर्व मासे एकाच वेळी वीत नाहीत. बोंबील जवळजवळ वर्षभर विणारा मासा आहे. अशा जातींना दोन महिन्यांच्या बंदीचा लाभ अपुराच मिळणार.

दुसरी वाट १ ऑगस्टला उघडते. त्या दिवशी सर्व नौका एकदम समुद्रात उतरतात. पावसाळ्यात जन्मलेली पिले त्या वेळी जेमतेम बोटभर असतात. बारीक आसाच्या जाळ्यात ती टनांनी येतात व खतासाठी किंवा माशांच्या भुकटीसाठी मातीमोल दराने जातात. शेतकऱ्याने शेत पड ठेवावे, पुढच्या हंगामात पेरावे आणि पीक वीतभर होताच कापून गुरांना घालावे, असा हा प्रकार आहे. त्यात भर अशी, की बहुतेक वर्षी याच सुमारास श्रावण सुरू झालेला असतो किंवा तोंडावर आलेला असतो. अनेक घरांत मासळी वर्ज्य असते. बंदरावर माल सर्वांत अधिक आणि बाजारात गिऱ्हाईक सर्वांत कमी, अशी स्थिती होऊन भाव कोसळतो. दोन महिने राखलेले धन असे दोन आठवड्यांत स्वस्तात निघून जाते.

तिसरी वाट कर्जाची आहे, आणि पहिल्या दोहोंपेक्षा ती अधिक खोल आहे. बंदीत घर चालविण्यासाठी जो व्यापाऱ्याकडून उचल घेतो, त्याला मासळी त्याच व्यापाऱ्यास, तो देईल त्या भावाने, घालावी लागते. शिवाय उचल फेडण्याची घाई असल्यामुळे पहिल्याच दिवशी बाहेर पडावे लागते व मिळेल ते, लहान-मोठे न पाहता, ओढावे लागते. मासा वाढू देण्याची इच्छा या माणसाजवळ नसते असे नाही. थांबण्याची ऐपत नसते. म्हणून बंदीचा खरा हिशेब समुद्रात लागत नाही, तो घरात लागतो. ज्या घरी दोन महिन्यांची शिल्लक आहे, त्या घरची नौका ऑगस्टात दोन आठवडे उशिराही जाऊ शकते.

थांबण्याची ऐपत सर्वांना सारखी नसते, हे शासनानेही एकदा मान्य केले आहे. २०२० साली मार्चअखेरपासून टाळेबंदीमुळे मासेमारीचे दिवस बुडाले, तेव्हा केंद्राने त्या वर्षापुरती बंदी ४७ दिवसांवर आणली व पश्चिम किनाऱ्यावर ती १५ जूनपासून सुरू केली. पोट व पड यांचा तोल राखण्यासाठी पड थोडी कमी करावी लागली.

सहा रुपयांतील एक रुपया

वर्षाचे दिवस ३६५ व बंदीचे ६१. म्हणजे वर्षाचा जवळजवळ सहावा हिस्सा कमाईविना जातो. तेव्हा हंगामात घरखर्चासाठी हाती येणाऱ्या दर सहा रुपयांतील एक रुपया बंदीसाठी बाजूला पडला पाहिजे. उदाहरणादाखल, एखाद्या कुटुंबाचा घरखर्च दरमहा २०,००० रुपये आहे असे समजू. दोन महिन्यांना ४०,००० रुपये लागतील. ऑगस्ट ते मे या दहा महिन्यांत दरमहा ४,००० रुपये ठेवले, म्हणजे ही रक्कम तयार होते.

आता हीच रक्कम व्यापाऱ्याकडून उचलली असे धरा. त्या नौकेची वर्षाची मासळी ८ लाख रुपयांची असेल आणि उचलीपोटी व्यापारी बाजारभावापेक्षा शेकडा ५ रुपये कमी देत असेल, तर वर्षाचे नुकसान ४०,००० रुपये होते. म्हणजे उचलीइतकी रक्कम भावातच गेली, आणि मूळ उचल फेडावयाची राहिली ती राहिलीच. कागदावर व्याज दिसत नाही म्हणून पुष्कळांना हे कर्ज बिनव्याजी वाटते. प्रत्येकाने आपले आकडे घालून हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत बंदीच्या काळासाठी बचत व साहाय्य यांची तरतूद आहे. पात्र मच्छीमाराने स्वतःचे १,५०० रुपये जमा केले असता शासनाकडून ३,००० रुपये मिळतात. दोन महिन्यांच्या गरजेपुढे ही रक्कम लहान आहे, हे उघड आहे. परंतु तिच्यामागील तत्त्व योग्य आहे. तेच तत्त्व गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेने मोठ्या प्रमाणावर चालविले पाहिजे.

करावयाच्या गोष्टी

एक : प्रत्येक फेरीच्या विक्रीतून संस्थेनेच ठरावीक हिस्सा कापून ‘बंदी निधी’ म्हणून सभासदाच्या नावे जमा करावा व तो जून-जुलैतच परत द्यावा. हाती आलेल्या पैशातून बचत करणे कठीण असते. हाती येण्यापूर्वी केलेली बचत टिकते. वाट्यावरील खलाशांनाही या निधीत घ्यावे.

दोन : किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही खुली झालेली आहे. कर्ज घेताना परतफेडीचे हप्ते बंदीच्या महिन्यांत येणार नाहीत, असा आग्रह धरावा. पीककर्जाची फेड पीक हाती आल्यावर असते. मासळीलाही तोच न्याय लागू पडतो.

तीन : पहिल्या आठवड्यांत लहान पिले राखावीत. केरळने २०१५ पासून माशांची किमान लांबी ठरवून देण्यास आरंभ केला आणि महाराष्ट्रानेही पुढे तोच मार्ग स्वीकारला. २०२३ मध्ये पापलेट हा आपला राज्यमासा घोषित झाला, त्यामागेही त्याची पिले वाचावीत हाच हेतू होता. डोल जाळ्याचा आस योग्य मापाचा ठेवणे, हे त्या घोषणेस खरा अर्थ देणारे काम आहे. गावातील सर्व नौकांनी एकत्र ठरविले तरच ते साधते. एकाने सोडलेले पिलू दुसऱ्याने पकडावयाचे असेल, तर सोडणारा फार दिवस सोडणार नाही.

चार : सुकी मासळी स्वच्छ वाळवून, जमिनीवर न पसरता वलांडीवर किंवा मचाणावर ठेवून, ओल लागणार नाही अशा रीतीने साठवावी. एप्रिल-मेमध्ये सर्वच माल एकदम न विकता काही भाग पावसाळ्यासाठी राखावा. त्या वेळी ताज्या मासळीच्या अभावी त्याला गिऱ्हाईक असते. संस्थांनी स्त्रियांच्या गटांना साठवणीसाठी कोरडी जागा द्यावी.

शेतकऱ्याचा वाटा

ही बंदी समुद्राची असली तरी शेतकऱ्याचाही तिच्याशी संबंध पोहोचतो. ज्याच्या शेततळ्यात पाणी जूनपर्यंत टिकते, त्याने रोहू, कटला यांची काढणी बंदीच्या सुरुवातीस ठेवल्यास ताज्या मासळीची उणीव असलेल्या बाजारात चांगला भाव मिळण्याचा संभव असतो, आणि तळे नव्या बीजासाठी वेळेवर मोकळे होते. पाणी आधीच आटत असेल, तर मात्र भावाच्या आशेने थांबू नये.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. पहिला पाऊस पडून ओढे वाहू लागले, की गोड्या पाण्यातील मासे विणीसाठी उलट प्रवाहावर चढतात व भातखाचरांपर्यंत येतात. चढणीच्या या माशांना, वलगणीला, पकडण्याची हौस कोकणात घरोघर आहे. त्या वेळी मादी गाभोळीने भरलेली असते, म्हणून तो मासा चवीला लागतो, आणि म्हणूनच तो पकडणे सर्वांत महाग पडते. किनाऱ्यावरचा मच्छीमार आपली कमाई बंद ठेवून दोन महिने समुद्राला विसावा देत असता, आपण ओढ्याच्या तोंडाशी आडवी जाळी किंवा बांध घालून सगळीच चढण अडवावी, हे शोभणारे नाही. निदान ओढ्याचा अर्धा भाग मोकळा ठेवावा व पहिल्या चार-आठ दिवसांची चढण वर जाऊ द्यावी, एवढा नियम गावाने ग्रामसभेत करून पाहावा. त्यासाठी कोणाचे पोट उपाशी राहत नाही. फक्त हौस थोडी आवरावी लागते.

थांबणे हा व्यवसायाचाच एक भाग आहे, हे शेतकरी व कोळी या दोघांच्याही वाडवडिलांना ठाऊक होते. परंतु त्यांच्या काळी जमीन पुष्कळ होती आणि दर्यात होड्या थोड्या होत्या. थांबण्याचा भार कोणा एकावर फारसा पडत नसे. आज तो पडतो, आणि ज्याच्या घरी शिल्लक नाही त्याच्यावर सर्वांत अधिक पडतो. तो भार संस्थेने, बँकेने व शासनाने वाटून घेतला, तर नारळी पौर्णिमेचा नारळ मच्छीमार निश्चिंत मनाने दर्याला वाहू शकेल. आणि जाळे टाकताना त्याला व्यापाऱ्याच्या उचलीची आठवण होणार नाही. बंदी निधीचा पहिला रुपया येत्या ऑगस्टच्या पहिल्याच फेरीतून बाजूला पडावा. मे महिन्यात त्याचा विचार करू लागल्यास उशीर झालेला असतो.